आयुष्मान कार्ड हातात आहे, मग आई-बाबांसाठी वरची पॉलिसी कोणती?

नाशिकरोडच्या एका वाचकांनी विचारलं आहे. बाबा ७२ वर्षांचे, सातपूरच्या खासगी कारखान्यातून निवृत्त. शुगर, बीपी आहे आणि २०१९ मध्ये एक स्टेंट बसला आहे. आई ६६ वर्षांची, थायरॉइडची गोळी सोडली तर ठणठणीत. बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरी पूर्ण केलेल्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचाराची सरकारी योजना) निघालं आहे, घरात केशरी रेशन कार्ड आहे. एजंटने दोन प्रस्ताव दिले आहेत. एक म्हणजे दोघांची मिळून १० लाखांची सिनियर सिटिझन फ्लोटर, वर्षाला ८४,००० रुपये, २० टक्के को-पे (मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपण भरायचा) आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये. दुसरा म्हणजे दोघांसाठी १५ लाखांचा सुपर टॉप-अप, ५ लाख डिडक्टिबल (वर्षाच्या बिलांतले पहिले ५ लाख कंपनी देत नाही, त्यावरचेच देते), २९,००० रुपये. ‘पहिले ५ लाख आयुष्मान देईल, वरचे कंपनी देईल,’ असं एजंटचं म्हणणं. बँकेत ६ लाखांची एफडी आहे. काय करावं?

माझं मत आधीच सांगतो: दोन्ही प्रस्ताव जसे आहेत तसे घेऊ नका. आईसाठी स्वतंत्र पॉलिसी आताच घ्या. बाबांचा भरवसा कार्डावर आणि एफडीवर ठेवा, आणि सुपर टॉप-अप घ्यायचाच तर तो एफडीचं माप बघून घ्या.

एजंटचं ते वाक्य ऐकायला सोपं आहे, पण त्यातच धोका आहे. आयुष्मान ही पॅकेजवर चालणारी योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचाराचे ठरलेले पैसे सरकार थेट रुग्णालयाला देतं. आधी आपण बिल भरायचं आणि नंतर पैसे मागायचे, अशी सोय त्यात नाही. म्हणजे बाबांना रात्री यादीबाहेरच्या रुग्णालयात नेलं आणि ४ लाख बिल झालं, तर कार्डाचा एक रुपयाही मिळणार नाही आणि बिल ५ लाखांच्या आत असल्यामुळे सुपर टॉप-अपही हलणार नाही. ते ४ लाख पूर्ण तुमचे. डिडक्टिबल म्हणजे आपल्या खिशाची किंवा दुसऱ्या पॉलिसीची जबाबदारी. कार्डाला तिथे पायाची पॉलिसी समजू नका.

आता फ्लोटर. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे ६६ च्या आईसाठी तुम्ही ७२ चा दर भरताय. आणि बाबांना मिळतंय काय? आधीच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने वेटिंग, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, लावू शकते (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती). एजंटकडून वेटिंगचा नेमका आकडा लेखी घ्या. तो ३६ महिने निघाला, तर तीन वर्षांत २,५२,००० रुपये भरूनही बाबांना ज्या कारणासाठी दाखल व्हावं लागण्याची भीती सर्वांत जास्त, ते हृदयाचं दुखणं पॉलिसीबाहेरच. आयुष्मानमध्ये मात्र जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. हा फरक फार मोठा आहे.

तीन वर्षांनंतरचं चित्रही बघा. समजा सहा दिवस दाखल, खोली रोज ८,००० ची आणि बिल ३,४०,०००. त्यात खोलीभाडं ४८,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग १,६०,०००, औषधं आणि स्टेंट १,१२,०००, हातमोजे-मास्क वगैरे न मिळणाऱ्या वस्तू २०,०००. खोलीची मर्यादा ५,००० असल्याने भाड्याचे ३०,००० च मिळतील. पण कात्री तिथेच थांबत नाही. डॉक्टर, थिएटर, नर्सिंगही त्याच प्रमाणात, आठातले पाच भाग, म्हणजे १,००,००० वर येतं. औषधं आणि स्टेंट पूर्ण धरले जातात. बेरीज २,४२,०००. त्यातून २० टक्के को-पे ४८,४०० वजा. कंपनी देणार १,९३,६०० आणि तुमच्या खिशातून १,४६,४००. १० लाखांची पॉलिसी असताना! म्हणून विम्याच्या रकमेपेक्षा खोलीभाड्याची अट आणि को-पे आधी वाचायचे असतात.

आईचं गणित वेगळं आहे. वय वंदना कार्ड ७० पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही, आणि ती ७० ची झाल्यावरही वर्षाचे ५ लाख दोघांत मिळूनच असतील. तोवर तिच्यासाठी रेशन कार्डावर चालणारी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड ऑनलाइन झालंय का आणि त्यावरचं नाव आधारशी जुळतं का, एवढं या आठवड्यात बघून घ्या. पण तब्येत चांगली असताना पॉलिसी मिळण्याचा काळ तिचा आत्ता आहे. एकटीसाठी १० लाखांचा भाव मागा: को-पे नको, खोलीभाड्याची मर्यादा नको किंवा निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असावी. मोतीबिंदू, गुडघे, हर्निया यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचं वेटिंग असतं, म्हणून गुडघे कुरकुरायला लागण्याची वाट पाहू नका. फॉर्ममध्ये थायरॉइड लिहायचाच. तो लिहिल्याने पॉलिसी सहसा अडत नाही, लपवल्याने क्लेम अडतो.

बाबांसाठी ३ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप मागून बघा. एफडीतले ३ लाख त्यासाठी बाजूला राहू शकतात, ५ लाख अडकले तर घर कोरडं पडतं. नुसता ‘टॉप-अप’ घेऊ नका: त्यात प्रत्येक वेळी दाखल झाल्यावर ३ लाख नव्याने भरावे लागतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात. हृदयासाठी इथेही वेटिंग असेल, ते सर्वांत कमी असलेली कंपनी निवडा. स्टेंटमुळे नकार आला तरी खचून जाऊ नका. वाचलेल्या हप्त्याचे पैसे दरमहा आरडीत टाका. ते ३ लाख तुमच्या आणि बाबांच्या जोडनावावर, दोघांपैकी कोणालाही मोडता येईल अशा एफडीत ठेवा.

कार्ड ऐनवेळी चालावं म्हणून आजच थोडी पायपीट करा. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही, ते *हृदयाच्या* उपचारासाठी योजनेत आहे का ते विचारा. हाडांसाठी यादीत असलेलं रुग्णालय हृदयासाठी नसू शकतं. शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि घराजवळची दोन खासगी रुग्णालयं, तिथे आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या) टेबलावर जाऊन विचारा आणि उत्तर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी अडकल्यावर हा विचार करायचा नसतो. दाखल होतानाच कार्ड दाखवा, डिपॉझिट भरून झाल्यावर नाही. १४५५५ हा हेल्पलाइन नंबर बाबांच्याही फोनमध्ये असू दे. दाखल न होता केलेली तपासणी आणि शुगरच्या रोजच्या गोळ्या कार्डात बसत नाहीत. आणि एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोला: जनरल वॉर्ड चालेल का? बाबांना आणि तुम्हालाही ते मनापासून चालणार नसेल, तर कार्डाचा आधार अर्धाच धरा आणि आरडी वाढवा.

हप्त्याबद्दल दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे ८४,००० मध्ये १८ टक्के धरलेत का ते एजंटला विचारा. आणि आयकरात ज्येष्ठ आई-बाबांच्या हप्त्यावरची, ८०डी म्हणून ओळखली जाणारी ५०,००० पर्यंतची वजावट तुम्ही जुन्या कररचनेत असाल, हप्ता तुमच्या खात्यातून, रोखीने नव्हे, भरला असेल तरच मिळते. नव्या रचनेत ती नाही. केवळ कर वाचतो म्हणून पॉलिसी मोठी करू नका.

फॉर्म एजंटला भरू देऊ नका. २०१९ ची अँजिओग्राफी, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत जोडा. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत उघडा आणि ‘हृदयविकार’ या ओळीपुढे काय लिहिलंय ते स्वतः वाचा. तिथे ‘नाही’ असेल तर कंपनीला लगेच ईमेल करून दुरुस्ती मागा. पसंत नसेल तर पॉलिसी परत करायला ३० दिवस असतात, ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.