१६ ट्रॅक आणि एक आठवडा

प्रश्न : काका, नमस्कार. मी इचलकरंजीचा, वय २२. दिवसा सायझिंगच्या कारखान्यात हिशेब लिहितो. रात्री गिटार, बासरी, तबला, हार्मोनियम एकेक करून मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि एकावर एक चढवतो. परवा मित्राने माइक ओल्डफील्डचं 'ट्युब्युलर बेल्स' ऐकवलं. म्हणाला, हे सगळं १९ वर्षांच्या पोराने एकट्याने वाजवलंय. हे खरं आहे का? कॉम्प्युटर नसताना त्याने केलं कसं? आणि मलाही साथीदारांशिवाय पुढे जाता येईल का?

उत्तर : मित्राचं म्हणणं बरंचसं खरं आहे. राहिलेला थोडा भाग तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला लागू पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओल्डफील्ड १९५३ सालचा, इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा. शाळकरी वयातच तो क्लबांमधून गिटार वाजवायचा. मोठी बहीण सॅली हिच्याबरोबर त्याने लोकसंगीताच्या वळणाची एक रेकॉर्ड केली आणि मग केव्हिन एअर्स या गायकाच्या बँडमध्ये बास गिटारवर बसला. त्या एअर्सने त्याला घरी वापरायला दोन ट्रॅकचं, म्हणजे एकाच फितीवर दोन आवाज वेगवेगळे घेणारं, टेप मशीन दिलं, बँग अँड ओलुफसन कंपनीचं. लंडनमधल्या टॉटनहॅमच्या खोलीत बसून त्याने त्या मशीनवर एक युक्ती केली.

टेप मशीनमध्ये फीत आधी इरेज हेडवरून जाते. तिथे जुना आवाज पुसला जातो. पुढच्या हेडवर नवा आवाज बसतो. ओल्डफील्डने इरेज हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा लावला. मग जुनं पुसलं जाईना आणि त्याच्यावरच नवं बसू लागलं. आधी ऑर्गन, त्यावर गिटार, त्यावर बास. मात्र दर नव्या थरागणिक खालचा थर थोडा मंद होतो, त्याची धार जाते. आणि पाचव्या थराला एक चूक झाली की आधीचे चारही गेले. तुझ्या मोबाइलवर 'अनडू' आहे, त्याच्याकडे नव्हतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८१ साली मुंबईतल्या एका स्टुडिओत मी मदतनीस होतो. एका दुपारी चुकीच्या ट्रॅकचं बटण दाबलं आणि एका वयस्कर सारंगीवादकांचा अख्खा टेक पुसला गेला. मी रडायच्या बेतात होतो. ते बुवा चहा घेऊन परत आले, काय झालं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "लाव परत." दुसऱ्यांदा त्यांनी वाजवलं ते पहिल्याहून सुंदर होतं. तेव्हापासून पुठ्ठा लावून थर चढवणाऱ्या त्या मुलाचा विचार मनात आला की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

ती टेप घेऊन तो कंपन्यांची दारं वाजवत फिरला. शब्द नाहीत, गाणारा नाही, कोण घेणार हे, असंच ऐकायला मिळालं. शेवटी एका बँडबरोबर बास वाजवायला तो ऑक्सफर्डशायरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल गावी गेला. तिथे रिचर्ड ब्रॅन्सनने 'द मॅनर' नावाच्या जुन्या वाड्यात स्टुडिओ थाटायला घेतला होता. ओल्डफील्डने आपली टेप तिथल्या दोन रेकॉर्डिस्टना ऐकवली, टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ यांना. हे दोघे त्या टेपवर जीव लावून बसले आणि ब्रॅन्सनच्या मागे लागले. १९७२च्या अखेरीस ओल्डफील्डला स्टुडिओचा एक आठवडा मिळाला. मशीन १६ ट्रॅकचं. त्या आठवड्यात रेकॉर्डची पहिली बाजू उभी राहिली: पियानो, ऑर्गन, ग्लॉकेनश्पील, बास, तऱ्हेतऱ्हेच्या गिटारी आणि शेवटी त्या घंटा. घंटा म्हणजे उभ्या टांगलेल्या धातूच्या नळ्या. दुसऱ्या एका संगीतकाराच्या कामासाठी त्या आल्या होत्या आणि परत निघाल्या होत्या. ओल्डफील्ड म्हणाला, राहू द्या इथेच. नेहमीच्या मोगरीने हवा तेवढा आवाज निघेना म्हणून त्याने सरळ हातोडा घेतला. दुसरी बाजू पुढच्या वसंतात झाली, स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा तेव्हा. २५ मे १९७३ला ही ब्रॅन्सनच्या व्हर्जिन कंपनीची पहिलीच रेकॉर्ड म्हणून बाजारात आली. दहाच दिवसांपूर्वी त्याने विशी गाठली होती.

आता 'एकट्याने' या शब्दाबद्दल. वेष्टनावरची नावं वाच. बासऱ्या जॉन फील्डच्या, ड्रम्स स्टीव्ह ब्रॉटनचे, उभा बास लिंडसे कूपरचा. मागच्या बायकी आवाजांत बहीण सॅली आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी एकेका वाद्याचं नाव पुकारणारा भारदस्त आवाज व्हिव्हियन स्टॅन्शलचा. त्याने 'ट्युब्युलर बेल्स' हे शब्द ज्या थाटात उच्चारले, त्यावरूनच रेकॉर्डला नाव मिळालं. आणि निर्माते म्हणून ओल्डफील्डच्या नावाबरोबर न्यूमन आणि हेवर्थ यांचीही नावं आहेत. लोक ही दोन नावं विसरतात याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेक वाद्यं एका माणसाने वाजवली, हे खरंच. पण काचेपलीकडे दोन माणसं बसून ऐकत होती, कुठला टेक ठेवायचा ते बोलत होती, मध्यरात्री फीत कापून जोडत होती.

म्हणून तुला सांगतो, साथीदार नसले तरी चालेल. ऐकणारा मात्र हवा. तुझ्या गावात नाटकाचा, भजनाचा किंवा ऑर्केस्ट्राचा साउंड बघणारा कुणी असेल, त्याच्याकडे जा. फाइल पाठवून देऊ नकोस, शेजारी बसून ऐकव. तो खुर्चीत चुळबुळ करू लागला की ती जागा वहीत लिही. आणि महिनाभर स्वतःला १६च ट्रॅक दे. सतरावा हवासा वाटला तर आधीचा एक काढ. काय काढलंस ते मला कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न : मी साताऱ्यात तबला शिकते. 'ट्युब्युलर बेल्स'च्या सुरुवातीच्या पियानोवर ठेका धरून बघितला, पण सम हातून निसटते. माझं मोजणं चुकतंय का?

उत्तर : तू १६ मोजत असशील. तीनतालाची सवय झालेला हात आपोआप सोळाव्या मात्रेकडे जातो, आणि ओल्डफील्डने नेमकी तीच काढून टाकली आहे. १५ मोज: आधी ७, मग ८. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचं फिरत राहणारं संगीत त्याच्या मनात होतं. तसं काही करताना त्याने १६ची आखणी केली आणि शेवटची एक मात्रा सोडून दिली. म्हणून ते चक्र कधी टेकत नाही, पुढे पुढे ढकलत राहतं. १९७३च्या डिसेंबरात आलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटाने हाच तुकडा वापरला आणि तो जगभर भीतीचा आवाज होऊन बसला. आपल्याकडे १५ मात्रांची पंचम सवारी आहे, तिचे विभाग वेगळे पडतात, पण तुझ्या गुरुजींना विचारून ती हाताला बसव. मग या पियानोकडे परत ये. तुला तो मुळीच भीतिदायक वाटणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. आम्ही नाशिकला असतो. खोलीत कोंडून घेतो, गिटार आणि कीबोर्ड वाजवतो, जेवायलाही बाहेर येत नाही. 'ओल्डफील्डही असाच होता,' असं म्हणतो. कौतुक करू की काळजी?

उत्तर : ताई, दोन्ही करा. आणि तो ज्याचं नाव घेतो त्याची पुढची हकीकतही त्याला सांगा.

ओल्डफील्ड लहानपणी खोलीत का बसायचा, ते त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. आई मनाने आजारी होती, दारूच्या आहारी गेलेली. घरातल्या ताणापासून दूर जायला गिटार ही एकच जागा होती. विशीच्या आतच त्याला घबराटीचे झटके येऊ लागले. मग रेकॉर्ड आली, अफाट खपली, १९७५ला ग्रॅमी मिळालं. झटके थांबले नाहीत. जून १९७३मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पहिला कार्यक्रम ठरला, तर हा ऐन वेळी नाही म्हणाला. ब्रॅन्सनने स्वतःची बेंटली मोटार देऊ केली तेव्हा कुठे मंचावर गेला. त्यानंतर वेल्सच्या सीमेवर हर्जेस्ट रिज नावाच्या डोंगराजवळ घर घेऊन राहिला. पुढची रेकॉर्ड त्याच डोंगराच्या नावाने आली, १९७४मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचली, आणि तिला खाली खेचून त्या जागी आली ती 'ट्युब्युलर बेल्स'च. असं यश कुणाला मिळतं? पण हा माणूस घरात बसून झोपेला घाबरत होता. १९७५च्या सुरुवातीला आई गेली.

१९७८ साली तो एका गटात जाऊन उपचारवजा शिबिरात बसला. त्या पद्धतीबद्दल मतभेद आहेत आणि मी तिची शिफारस करत नाही. पण तिथे तो आपल्या भीतीबद्दल पहिल्यांदा माणसांसमोर मोकळेपणी बोलला. पुढच्याच वर्षी वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन युरोपभर दौऱ्यावर गेला. पैशाचं नुकसान झालं, पण मंचावर उभा राहिला. विमान चालवायला शिकला. वादळात सापडलेल्या छोट्या विमानातल्या अनुभवावर १९८२ची रेकॉर्ड केली. १९८३चं 'मूनलाइट शॅडो' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं मॅगी रायलीने गायलं.

मुलाची गिटार काढून घेऊ नका. ती काढलीत तर दार आणखी घट्ट बंद होईल. जेवणाचं ताट घेऊन आत जा आणि वाजवतोय ते पूर्ण होईपर्यंत बसा. समजलं नाही तरी बसा. पण झोप उडाली असेल, श्वास कोंडतो म्हणत असेल, बाहेर जायच्या विचारानेच घाम फुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नका. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत आम्ही 'वयात आलाय, होईल बरा' म्हणत तीन वर्षं घालवली. ती वर्षं मला अजून टोचतात.

प्रश्न : 'ट्युब्युलर बेल्स'नंतर ओल्डफील्डचं काय ऐकावं? - एक वाचक, पुणे

उत्तर : 'ओमाडॉन', १९७५ची. बाकी सगळं नंतर. १९९२ची 'ट्युब्युलर बेल्स टू' ट्रेव्हर हॉर्न या निर्मात्याबरोबर केलेली आहे आणि तिचा आवाज अतिशय स्वच्छ आहे. 'अमारॉक' ही १९९०ची ६० मिनिटांची सलग रचना, तिला धीर लागतो. मी मात्र 'ओमाडॉन'पाशी थांबतो.

ती त्याने डोंगराजवळच्या घरीच केली. इतके थर, इतक्या वेळा फीत मागेपुढे, की फितीवरचा, आवाज धरून ठेवणारा ऑक्साइडचा लेप सुटू लागला. झालेलं काम डोळ्यांदेखत गळून पडलं. त्याच सुमारास आई गेलेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. या वेळी दाराआड माणसंही आली: जबुला या दक्षिण आफ्रिकी गटाचे ढोल, आयर्लंडच्या पॅडी मोलोनीची पाइप्स (आयरिश बॅगपाइप). चाळीतल्या एका मित्राचा भाऊ जहाजावर होता, त्याने आणलेली ती रेकॉर्ड गिरगावात १९७७ साली आम्ही पाचजण गॅलरीत बसून ऐकली. बाजू संपल्यावर सुई उचलायला कुणी उठलं नाही.

२०१७मध्ये त्रेसष्टाव्या वर्षी ओल्डफील्डने 'रिटर्न टू ओमाडॉन' काढली आणि सगळी वाद्यं स्वतः वाजवली. तीही ऐका. पण आधी जुनीच्या पहिल्या बाजूची शेवटची पाच मिनिटं, दिवे मालवून. ढोल चालू असतात आणि वर गिटार ओरडते. मग गिटार थांबते आणि ढोल तेवढे वाजत राहतात.