हॉर्नबीमच्या लाकडापासून शिकारीचं धनुष्य हाताने बनवता येईल का? कसं बनवावं?

येईल, आणि चांगलं येईल. तुमच्याकडे हॉर्नबीमचं (युरोपातलं एक कडक लाकडाचं झाड) नुकतंच तोडलेलं, सहा इंच जाडीचं सरळ खोड आहे आणि सुताराची साधी हत्यारं आहेत. यू किंवा ऑसेज ऑरेंजसारखं नावाजलेलं लाकूड मिळत नाही, मग याच्यामागे दोन-तीन महिने घालवावेत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घालवा. मी या लाकडाची पाच धनुष्यं केली आहेत. चार अजून चालतात, एक मोडलं. ते का मोडलं हे खाली सविस्तर लिहितो, कारण ती चूक अगदी सुरुवातीला होते आणि तिची किंमत शेवटी मोजावी लागते.

पुढचं वाचण्याआधी खोडाची दोन्ही कापलेली टोकं बंद करा. सुतारी गोंद, जाड ऑइलपेंट, वितळलेलं मेण, जे हाताशी असेल त्याचे दोन हात द्या. हॉर्नबीम वाळताना फार आकसतं आणि टोकांतून पाणी सगळ्यात लवकर उडून जातं. उघड्या टोकांवर केसासारख्या चिरा पडायला वेळ लागत नाही, आणि त्या आतवर जातात. उलट सालीसकट दमट कोपऱ्यात टाकून दिलंत तर बुरशी धरते. हे लाकूड कडक असलं तरी कुजायला फार लवकर तयार होतं.

आता त्याचा स्वभाव. युरोपातला हॉर्नबीम म्हणजे कार्पिनस बेट्युलस. वाळल्यावर त्याचं एक घनमीटर लाकूड साधारण 700 ते 800 किलो भरतं. जुन्या काळी पाणचक्कीच्या चाकांचे दात, हत्यारांचे दांडे, खाटकाचे ठोकळे याचेच करत, कारण ते झिजत नाही. धनुष्यासाठी मात्र नुसता कडकपणा पुरत नाही. धनुष्य ओढलं की समोरची बाजू, जिला आपण पाठ म्हणू, ती ताणली जाते, आणि तुमच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. हॉर्नबीमची पाठ जबरदस्त ताण सोसते, पण पोट त्या मानाने लवकर हार मानतं. ते तुटत नाही, चेपतं, आणि दोरी काढल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं. म्हणून यूसारखं अरुंद, गोलसर धनुष्य याचं करू नका. दाब जास्त रुंदीवर वाटला गेला पाहिजे, म्हणजे पाती (मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग) रुंद आणि चपट्या हव्यात. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सुमारे 9000 वर्षांपूर्वीची एल्मची धनुष्यं सापडली, त्यांच्याही पाती अशाच रुंद, चपट्या आहेत. तेव्हा यू नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

या लाकडाचा मोठा फायदा म्हणजे सालीखालचा पहिला थर हीच तयार पाठ. ऑसेजसारखं वरचे थर तासत एका वार्षिक वलयापर्यंत पोचावं लागत नाही. साल काढायची आणि तिथे पुन्हा हत्यार लावायचं नाही. माझी चूक इथेच झाली. माझं पहिलं खोड हिवाळ्यात तोडलेलं होतं. तेव्हा साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते. मी दोन मुठींची सुरी घेऊन ती ओढून काढायला लागलो आणि मुठीपासून वीतभर अंतरावर पातं पाठीत आडवं रुतलं. ओरखडा नखाच्या जाडीचाही नव्हता. काचकागद मारला, बोट फिरवून पाहिलं, लागेना, म्हणून पुढे गेलो. दोन महिन्यांनी, धनुष्य जवळजवळ तयार असताना, दोरी 26 इंच ओढलेली असताना "टक्" असा बारीक आवाज आला. मी दोरी सैल सोडेपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले होते. तुकडा उजेडात धरून पाहिला तर तुटीची सुरुवात एका सरळ आडव्या रेषेवर होती, त्याच ओरखड्यावर. बाकी सगळीकडे लाकडाचे लांब लांब तंतू निघाले होते, तिथे मात्र कापल्यासारखं साफ होतं.

म्हणून झाड वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तोडलेलं असेल तर नशीब समजा. तेव्हा साल हाताने सोलून निघते आणि खालून ओलं, गुळगुळीत, पांढरं लाकूड समोर येतं. चिकटलेली असेल तर बोथट पट्टीने, लाकडाच्या लांबीच्या दिशेने, थोडी थोडी खरवडा. एक दिवस जास्त गेला तरी चालेल. साल निघाली की पाठीला लगेच लाखेचं पॉलिश किंवा व्हार्निश लावा, नाहीतर ती उघडी पाठ वाळताना चिरते.

खोड दोन भागांत करताना पाचरी ठोकण्याचा मोह होईल. हॉर्नबीमचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, फाट सरळ जाईलच असं नाही. सहा इंची खोड मी करवतीनेच उभं चिरतो. त्याआधी सालीवरच्या बारीक रेषा बघा. त्या खोडाभोवती फिरत वर जात असतील तर लाकडात पीळ आहे. थोडा पीळ चालतो, पण टोकापासून टोकापर्यंत पाव वळणापेक्षा जास्त असेल तर ते खोड दांड्यांसाठी ठेवा. दुसरी गोष्ट, हॉर्नबीमचं खोड गोल नसतं, त्यावर दंडाच्या स्नायूंसारखे उंचवटे असतात. पाठीवर उंचवटा असेल तर पोटही तसंच वर-खाली गेलं पाहिजे. पोट सपाट केलंत तर खोलगट जागी पात पातळ होते आणि तिथेच मोडते.

ओलं असतानाच आकाराला आणा, कुऱ्हाडीने आणि वाकसाने. लांबी 68 इंच (28 इंच ओढायचं असेल तर याहून आखूड करू नका), मधली मूठ 4 इंच, मुठीच्या दोन्ही बाजूंना 2-2 इंचांचा उतार, आणि तिथून दोन पाती. रुंदी अर्ध्याहून थोड्या जास्त लांबीपर्यंत 2 इंच, मग सरळ निमुळती होत टोकाशी 4 सूत. मध्यरेषा आखायला पाठीवर दोरा ताणून धरा. पट्टीच्या रेषेपेक्षा लाकडाच्या तंतूंची रेषा खरी, थोडी वळत असेल तर तिच्याबरोबर वळा. पातींची जाडी सध्या सात-आठ सूत ठेवा (8 सूत म्हणजे 1 इंच). हा ओबडधोबड आकार सरळ फळीला बांधून सावलीत ठेवा. उन्हात नको, चुलीजवळ तर अजिबात नको. दर आठवड्याला वजन करा आणि लिहून ठेवा. लागोपाठ दोन-तीन आठवडे काटा हलला नाही की समजा वाळलं. घाई इथेच नडते, कारण ओलसर हॉर्नबीम वाकवलंत तर पोट चेपलंच म्हणून समजा.

यानंतरचं काम म्हणजे दोन्ही पाती सारख्या वाकतील असं पोट तासणं. धनुष्य करणारे याला टिलरिंग म्हणतात, आणि खरी कला तीच आहे. जाडी सहा सुतांवर आली की एक टोक जमिनीवर टेकवून, मूठ हळूच दाबून पाहा. पात जरा हलली की टोकांना गोल कानशीने खाचा करा, सैल लांब दोरी लावा, मूठ भिंतीवरच्या खुंटीवर ठेवून दोरी खाली ओढा आणि लांब उभं राहून बघा. वाक कुठे जास्त, कुठे लाकूड ताठ उभं आहे, हे लांबूनच कळतं. ओढताना ताणकाटा लावा आणि एक नियम पाळा. तुम्हाला 45 पाउंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं, धनुष्य हवं असेल तर या सगळ्या प्रवासात काटा 45 च्या पुढे कधी जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला 45 पाउंडांत ते 10 इंचच येईल. तासत जाल तसं 15, 20, 24. प्रत्येक तासणीनंतर पंचवीस-तीस वेळा हळूहळू ओढा, तेव्हा कुठे बदल नजरेला दिसतो.

जिथे जास्त वाकतंय त्या जागेला हात लावायचा नाही, तिच्या आजूबाजूचं ताठ लाकूड कमी करायचं. ताठ जागा शोधायला सहा इंचांचा सरळ ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून पेन्सिल बसवा, आणि दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावरून फिरवा. वाकलेल्या जागी ठोकळ्याची टोकं टेकतात आणि पेन्सिल अधांतरी राहते. ताठ जागी ती लाकडाला लागून रेघ ओढते. रेघ आहे तेवढंच खरवडा. दोरी पहिल्यांदा चढवाल तेव्हा मुठीपासून तीनच इंचांवर ठेवा, सहा इंच नंतर.

साधारण 20 इंचांनंतर कानस ठेवून द्या आणि खरवडायची पोलादी पट्टी घ्या. पातीची ताकद जाडीच्या घनावर ठरते. जाडी 10 टक्के कमी झाली की ताकद साधारण 27 टक्के जाते. पट्टीने कागदासारख्या पारदर्शक सली निघतात, त्यातल्या आठ-दहा सलींत शेवटचा हिशेब होतो. शेवटच्या काचकागदासाठी दोन-तीन पाउंड हातचे ठेवा. बाण दोन बोटांच्या मधे धरत असाल तर खालची पात किंचित ताठ हवी, दोरीपासून पातीपर्यंतच्या अंतरात एक-दोन सुतांचा फरक पुरे.

धनुष्याने थोडा बाक धरलाय असं वाटलं तर पोट भाजा. गरम हवेच्या गनने, इंचाइंचाने, पोट तपकिरी होईपर्यंत, आणि पाठ शक्य तेवढी थंड ठेवून. भाजलेलं पोट दाब जास्त सोसतं, हॉर्नबीमला याचा फायदा स्पष्ट दिसतो. भाजल्यावर आठवडाभर ओढू नका, लाकडाला हवेतला ओलावा परत घेऊ द्या. नंतर थोडं टिलरिंग पुन्हा करावं लागतं.

दोरी पॉलिएस्टरची, पिळलेली वापरा. आधुनिक, अजिबात न ताणणाऱ्या दोऱ्या साध्या लाकडी टोकांना झटके देतात. बाण न लावता दोरी कधी सोडू नका, काम झालं की दोरी उतरवा.

शिकारीचं म्हणालात म्हणून एवढं सांगतो. हरणाएवढ्या प्राण्यासाठी 40 ते 50 पाउंड, वस्तऱ्यासारखं धारदार रुंद पातं आणि 15-20 मीटरच्या आतलं अंतर. याहून लांबून सोडलेला बाण बहुतेक वेळा प्राण्याला जखमी करून सोडतो, आणि तो तडफडत जातो. हॉर्नबीम जिथे भरपूर वाढतं त्या जर्मनी आणि ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकारीला बंदी आहे, फ्रान्स आणि हंगेरीत परवान्यानिशी चालते. तुमच्याकडे काय आहे ते आधी पाहा. बंदी असेल तर हेच धनुष्य गवताच्या निशाणावर वापरा, करायची पद्धत तीच.

खोडाला पीळ किती आहे, आणि ते कोणत्या महिन्यात तोडलंय, एवढं कळवा. त्यावरून पाठ कोणत्या बाजूची घ्यावी हे सांगता येईल.