फायनलची तिकिटं एवढी का महागली, आणि मूळ किमतीत मिळवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड कप, चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या फुटबॉल क्लबांची स्पर्धा) अशा मोठ्या स्पर्धांच्या फायनलची तिकिटं दर वेळी इतकी का महागतात, चाहते एवढी ओरड करतात तिचा काही उपयोग होतो का, आणि मूळ किमतीत तिकीट हवं असेल तर काय करावं. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वाढ किती झाली ते पाहू. १९६७ साली झालेल्या पहिल्या सुपर बोलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचं, सर्वांत महाग तिकीट १२ डॉलरचं होतं आणि तरीही लॉस एंजेलिसचं स्टेडियम भरलं नव्हतं. अमेरिकेतच झालेल्या १९९४ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलचे दर १८० ते ४७५ डॉलर होते. २०२२ ला कतारमध्ये सर्वांत वरच्या श्रेणीचं तिकीट साधारण १,६०० डॉलरला होतं. २०२६ च्या वर्ल्ड कपच्या न्यू जर्सीतल्या फायनलसाठी डिसेंबर २०२५ मध्ये जे दर समोर आले, त्यात संघांच्या पाठीराख्यांसाठी राखलेल्या कोट्यातलंच सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचं आणि सर्वांत महाग ८,६८० डॉलरचं होतं. १९९४ चे ४७५ डॉलर आजच्या हिशेबाने हजारेक डॉलर होतात. त्यावरची वाढ महागाईच्या माथी मारता येत नाही. शिवाय २०१८ मध्ये यजमानपदासाठी दिलेल्या प्रस्तावात याच फायनलचं सर्वांत महाग तिकीट सुमारे १,५५० डॉलरचं धरलं होतं. चाहते चिडले ते यामुळे, आणि माझ्या मते त्यांचं चिडणं शंभर टक्के बरोबर आहे.

मग हे होतं कसं? पहिली गोष्ट म्हणजे स्टेडियमची क्षमता आणि विक्रीला येणारी तिकिटं यांत फार मोठं अंतर असतं. म्युनिकमधल्या २०२५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला सुमारे ६४,५०० जागा होत्या. दोन्ही क्लबांना प्रत्येकी १८,००० मिळाल्या. उरलेल्या २८,५०० जागा ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातून राष्ट्रीय संघटना, प्रायोजक, प्रसारण कंपन्या, स्थानिक आयोजक आणि जेवणखाणासकट विकली जाणारी हॉस्पिटॅलिटी पॅकेजेस एवढ्यांचा वाटा जातो. कुठल्याच क्लबशी संबंध नसलेल्या माणसासाठी खुल्या विक्रीत उरतात ती काही हजार तिकिटं. दर ९०, १८०, ६५० आणि ९५० युरो असे होते. १८० आणि ६५० च्या मधली दरी बघा. स्वस्त तिकीट दाखवायला असतं, पण ते संपलं की पुढची पायरी थेट साडेतीनपटीवर.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी आयोजक ठरावीक भावात तिकीट विकून मोकळे व्हायचे आणि वरचा मलिदा दलाल खायचे. पुनर्विक्रीच्या वेबसाइट आल्यावर हा काळाबाजार उघड्यावर आला, आणि ५०० चं तिकीट ५,००० ला जातं हे आयोजकांना रोजच्या रोज आकड्यांत दिसू लागलं. त्यांनी दलालाला हटवलं नाही, त्याची जागा घेतली. मागणीनुसार बदलणारे दर हा त्याचाच प्रकार. एखाद्या श्रेणीतली तिकिटं अंदाजापेक्षा वेगाने जाऊ लागली की पुढच्या टप्प्यात भाव चढवतात. त्यामुळे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. भाव उतरूही शकतो. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये चेल्सी आणि फ्लुमिनेन्से यांच्या उपांत्य सामन्याचं साधं तिकीट ४७३.९० डॉलरवरून १३.४० डॉलरवर आलं होतं. यात सर्वांत जास्त पोळला तो आधीपासून नियोजन करून तिकीट काढणारा, म्हणजे सर्वांत निष्ठावान चाहता. या पद्धतीवर माझा मोठा आक्षेप हाच आहे.

२०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, स्वतःचाच पुनर्विक्रीचा बाजार उघडला आणि त्यात विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के अशी कपात ठेवली. कुणी १,००० डॉलरला तिकीट लावलं, तर घेणारा १,१५० मोजतो, विकणाऱ्याच्या हातात ८५० पडतात आणि मधले ३०० आयोजकाचे. एकच तिकीट दोनदा हात बदललं तर ही कपात दोनदा होते. आता भाव चढू नये यासाठी आयोजकाने का धडपडावं? उलट पॅरिस ऑलिम्पिकच्या अधिकृत पुनर्विक्रीत मूळ किमतीच्या वर तिकीट लावताच येत नव्हतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि मूळ किमतीच्या वर कोणत्याही कार्यक्रमाचं तिकीट विकण्यावर बंदी आणण्याचं ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे उपाय माहीत आहे, प्रश्न इच्छेचा आहे.

चाहत्यांच्या रागाने फरक पडतो का? पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. पुढच्या हंगामात ७७ पौंडांचं तिकीट येणार हे कळल्यावर ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता, सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने (इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल लीग) पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. जर्मनीत डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी स्टुटगार्टच्या मैदानात टेनिसचे चेंडू फेकून खेळ थांबवला तोही २०१६ च्याच फेब्रुवारीत.

हे क्लबच्या बाबतीत चालतं, कारण तेच लोक दर पंधरवड्याला त्याच खुर्चीवर येतात. ते रुसले तर टीव्हीवर रिकामे स्टँड दिसतात. फायनल एकदाच होते. तुम्ही नाही घेतलं तर दुसरा कुणी घेतो, आणि स्टँड भरलेलाच दिसतो. म्हणून फायनलच्या बाबतीत बहिष्कारापेक्षा संघटित दबाव जास्त उपयोगी पडतो. २०११ च्या लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या चॅम्पियन्स लीग फायनलला खुल्या विक्रीतलं सर्वांत स्वस्त तिकीट १५० पौंड आणि वर २६ पौंड प्रशासकीय शुल्क असं होतं. एवढी टीका झाली की २०१३ ला फायनल पुन्हा वेम्ब्लीत आली तेव्हा सर्वांत खालचा दर ६० पौंड ठेवावा लागला. २०२६ च्या दरांना फुटबॉल सपोर्टर्स युरोप या संघटनेने ‘महाविश्वासघात’ म्हणावं अशा शब्दांत विरोध केला, आणि आठवडाभरात फिफाने फायनलसकट प्रत्येक सामन्यासाठी ६० डॉलरची एक श्रेणी काढली.

इथे मात्र हिशेब करून बघा. प्रत्येक संघाच्या पाठीराख्यांचा कोटा जागांच्या ८ टक्के, आणि ६० डॉलरची तिकिटं त्या कोट्याच्या १० टक्के. ८०,००० च्या स्टेडियममध्ये ८ टक्के म्हणजे ६,४००, त्यातली ६४० तिकिटं. दोन्ही संघांची मिळून १,२८०. जाहीर होणारे दर वाचताना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग हे दोन आकडे सोडून द्या. स्वस्त श्रेणीत एकूण तिकिटं किती, ती कुणाच्या हातून वाटली जाणार आणि खुर्च्या कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारा. चाहत्यांच्या संघटनांनीही हाच आग्रह धरायला हवा. नुसता खालचा दर कमी करून घेतला तर आयोजक मूठभर तिकिटांवर वेळ मारून नेतात.

आता प्रत्यक्ष तिकीट काढण्याबद्दल. सोडत आहे की रांग, हे आधी नीट वाचा, कारण दोन्हींचं तंत्र वेगळं आहे. सोडतीत अर्जाची मुदत संपेपर्यंत कधीही अर्ज केला तरी संधी तेवढीच असते, पहिल्या तासात झुंबड करायचं कारण नाही. दोन खाती काढून दोन अर्ज केले तर बहुतेक ठिकाणी दोन्ही बाद होतात. घरातल्या प्रत्येक प्रौढाने मात्र आपापल्या नावाने अर्ज करावा, तो बहुतेक ठिकाणी नियमात बसतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. ‘ही श्रेणी नसेल तर वरची चालेल’ अशी खूण काही अर्जांत असते. ती न वाचता ठेवली, तर १८० चा विचार करून अर्ज करणाऱ्याच्या खात्यातून ६५० वजा होतात.

सर्वांत जास्त तिकिटं हातची जातात ती कार्डामुळे. सोडतीत नंबर लागला की पैसे बऱ्याचदा आपोआप कापले जातात, तुम्हाला विचारलं जात नाही. त्या वेळी कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील, मर्यादा कमी असेल किंवा कार्डाची मुदत संपली असेल, तर तिकीट पुढच्या माणसाकडे जातं. अर्ज केलेल्या सर्व तिकिटांची बेरीज, अधिक शुल्क, अधिक चलन बदलाचे तीन-चार टक्के एवढी मर्यादा सोडतीच्या काळात कार्डावर मोकळी ठेवा.

थेट विक्रीत, म्हणजे रांगेच्या पद्धतीत, विक्री सुरू होण्याआधीच वेबसाइटच्या प्रतीक्षाकक्षात शिरा. विक्री सुरू होते तेव्हा आत असलेल्यांना बहुतेक यंत्रणा यादृच्छिक क्रमांक देतात, उशिरा येणारे त्यांच्या मागे लागतात. क्रमांक मिळाल्यावर पान रिफ्रेश करू नका, एकाच खात्याने चार टॅब उघडू नका. यंत्रणेला तुम्ही बॉट (माणसाऐवजी आपोआप चालणारा प्रोग्राम) वाटता आणि थेट शेपटाला फेकले जाता. आत गेल्यावर शेजारच्या चार जागा शोधत बसलात तर हाताशी काहीच लागत नाही. दोन-दोन किंवा एकेकटी जागा घ्यायची तयारी ठेवा. श्रेणीच्या नकाशावरही आंधळा विश्वास नको. पहिल्या श्रेणीत वरच्या मजल्याचे कोपरेही मोजलेले असतात, त्यामुळे गट क्रमांक दिसत असेल तर तो बघूनच पैसे भरा.

पहिल्या फेरीत नाही मिळालं तरी धीर सोडू नका. फायनलची तिकिटं लोक महिनोन्‌महिने आधी, आपला संघ पोहोचेल या आशेवर घेतात. २०१९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये भारत उपांत्य फेरीत हरला तेव्हा लॉर्ड्सच्या फायनलची कितीतरी तिकिटं भारतीय चाहत्यांकडे होती. ती अधिकृत व्यासपीठावर परत विका म्हणजे खऱ्या चाहत्यांना येता येईल, अशी विनंती न्यूझीलंडचा खेळाडू जिमी नीशमने जाहीरपणे केली होती. दर स्पर्धेत हेच घडतं. उपांत्य सामने संपल्यापासून दीड-दोन दिवस आणि मग शेवटचे ४८ तास अधिकृत पुनर्विक्रीच्या पानावर सतत नजर ठेवा. मूळ किमतीची मर्यादा असलेल्या ठिकाणी तिकिटं एकेक-दोनदोन करून येतात आणि मिनिटभरात जातात. मर्यादा नसलेल्या ठिकाणी दिसणारा भाव ही विकणाऱ्याची अपेक्षा असते, सौदा त्याच भावाला होतो असं नाही. तिथे सामना जवळ येईल तसा भाव उतरण्याची शक्यता असते, पण दोन्ही संघांचे पाठीराखे मोठ्या संख्येने निघाले असतील तर उलटंही होतं. विमान आणि हॉटेल आधीच भरून बसलेल्या माणसाने हा जुगार खेळू नये.

फसवणुकीचे तीन प्रकार वारंवार दिसतात. एक, तिकिटाचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ विकणं. आजची मोठी तिकिटं ॲपमध्येच असतात आणि त्यांचा क्यूआर कोड सामन्याच्या सुमारास चालू होतो किंवा सतत बदलत राहतो, त्यामुळे चित्राला शून्य किंमत आहे. दोन, हातात नसलेलं तिकीट विकणं: विक्रेता आधी तुमचे पैसे घेतो आणि भाव पडला तरच तिकीट आणतो, नाहीतर आदल्या रात्री रद्द करतो. जाहिरातीत गट आणि ओळ लिहिलेली नसेल तर हा धोका धरूनच चाला. तीन, ‘माझं लॉगिन वापरा’ म्हणणारे. पासवर्ड त्यांच्याकडेच असतो आणि तेच तिकीट पाच जणांना दिलेलं असतं. ज्या व्यवहारात तिकीट तुमच्या स्वतःच्या खात्यात हस्तांतरित होत नाही, तो करूच नका. पैसेही कार्डानेच द्या, म्हणजे तक्रार करून परत मागण्याचा मार्ग राहतो. थेट बँकेत पाठवलेली रक्कम परत मिळवणं फार अवघड जातं.

आणि परदेशी जायचं असेल तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तिकिटाच्या आधी बघा. तिकीट असलं म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही, आणि व्हिसा नाकारला या कारणासाठी पैसे परत मिळतात का, हे तिकिटाच्या अटींमध्ये ‘परतावा’ या कलमात लिहिलेलं असतं. खरेदीचं बटण दाबण्याआधी निदान तेवढं एक कलम तरी वाचा.