एल्कसाठी कोणती रायफल?

प्रश्न : अमेरिकेत मोंटाना राज्यात राहणारा माझा भाचा परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाची शिकार करतो. त्याने .३०-०६ घ्यावी की .३०० विंचेस्टर मॅग्नम?
– एक शेतकरी, उमरेड तालुका

उत्तर : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी असल्याने, तूर फस्त करणाऱ्या रानडुकरावरही वनखात्याच्या परवानगीविना बंदूक रोखता येत नाही, त्यामुळे हे उत्तर केवळ भाच्यासाठी आहे. दोन्ही रायफलींच्या गोळीचा व्यास ०.३०८ इंचच असतो. १९६३ साली आलेली मॅग्नम ती अधिक वेगाने फेकते, म्हणून लांबवर गोळी कमी खाली येते. मात्र तिचा धक्का इतका जोरकस असतो की नवखा नेमबाज चाप ओढतानाच दचकतो, आणि मग गोळी पोटात लागून जखमी जनावर दूर निघून जाते. तीनशे यार्डांपर्यंत १९०६ ची .३०-०६ मला पुरेशी वाटते.