न्यायमूर्ती नक्की कोणाचे?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि कोर्टकचेरी

*या वेळी एकाच टपालात दोन विरुद्ध गोटांतून जवळपास सारखीच काळजी आली. दोन्ही पत्रांना उत्तर देतो. पाठोपाठ आलेले दोन प्रश्नही घेतले आहेत.*

प्रश्न (दादर) : मुंबई उच्च न्यायालयासाठी ज्यांचं नाव चर्चेत आहे, ते वकील अनेक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केसेस लढवत आले आहेत. आम्ही विरोधी पक्षाचे कार्यकर्ते. हे नाव अडवता येईल का?

उत्तर : केस लढवली म्हणजे विचार पटला, असं धरू नका. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार रास्त फी मिळत असेल तर वकिलाने आलेलं काम घ्यायचं असतं. सरकारी पॅनेलवरचं (सरकारच्या केसेस लढवणाऱ्या वकिलांच्या यादीतलं) नावही फारसं काही सांगत नाही, कारण सरकार बदललं की पॅनेल बदलतं. पक्षाचं पद मात्र वेगळी गोष्ट आहे. ते कधी घेतलं आणि कधी सोडलं, या दोन तारखा काढा. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी वकील आरती साठे यांच्या नावावर गदारोळ झाला तो भाजपच्या प्रवक्तेपदावरून. विरोधकांचा आक्षेप होता की प्रवक्ता न्यायासनावर बसू नये. पक्षाचं म्हणणं होतं की राजीनामा 2024 मध्येच झाला आहे. त्या न्यायमूर्ती झाल्या.

आता अडवण्याबद्दल. नाव सुरू होतं ते उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींकडून. तिथून ते मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातं. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवलं नाही, तर हरकत नाही असं केंद्र धरून चालू शकतं. मग गुप्तवार्ता विभागाचा अहवाल येतो, त्यानंतर सरन्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयातल्या दोन ज्येष्ठांचं कॉलेजियम, म्हणजे निवड मंडळ, निर्णय घेतं. खरी गोम इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम 2017 पासून आपले ठराव संकेतस्थळावर टाकतं, पण उच्च न्यायालयातलं आधीचं सगळं बंद दाराआड असतं. नाव तुमच्या कानावर येतं तेव्हा निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते.

उरतो तो ठराव आणि राजपत्रातली अधिसूचना यांमधला काळ. कधी तो काही दिवसांचा असतो, तर कधी वर्ष उलटतं. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेशन यांच्या नावाची शिफारस फेब्रुवारी 2022 मध्ये झाली. समाजमाध्यमांवर मतं मांडल्याचा आक्षेप केंद्राने घेतला. मत मांडल्याने कोणी अपात्र ठरत नाही, असं म्हणत कॉलेजियमने जानेवारी 2023 मध्ये तेच नाव पुन्हा पाठवलं आणि नेमणूक झाली ती नोव्हेंबर 2023 मध्ये.

या काळात सरन्यायाधीश आणि कायदा मंत्रालय, दोघांनाही लेखी निवेदन द्या. त्यात कल वगैरे शब्द नकोत. भाषणाची तारीख आणि मूळ ध्वनिफीत, पदाचं पत्र, एखादं न सांगितलेलं प्रकरण असेल तर त्याचा क्रमांक, असं काही हातात असेल तरच लिहा. मोर्चाच्या फोटोंचा गठ्ठा जोडलेलं निवेदन कोणी उघडतसुद्धा नाही.

कोर्टात जायचं म्हणाल, तर पात्रता आणि योग्यता यांतला फरक आधी समजून घ्या. पात्रता अनुच्छेद 217 मध्ये आहे: भारतीय नागरिकत्व, आणि दहा वर्षं उच्च न्यायालयातली वकिली किंवा न्यायिक पद. यात खोट निघाली तर न्यायालय हात घालतं. गुवाहाटी उच्च न्यायालयावरची एक नेमणूक 1992 मध्ये याच कारणाने रद्द झाली होती. योग्यता मात्र कॉलेजियमने ठरवायची. फेब्रुवारी 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयावर नेमलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांच्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर फेटाळली. दिल्लीत सुनावणी चालू असतानाच तिकडे चेन्नईत त्यांचा शपथविधी उरकला होता.

प्रश्न (मुलुंड) : आमच्या विचाराचे म्हणून आम्ही ज्यांच्या नावाने खूश झालो, त्यांनी पूर्वी संपकरी कामगारांची वकीलपत्रं घेतली होती, असं आता कळतंय. ऐनवेळी उलटणार नाहीत ना?

उत्तर : उलटू शकतात, आणि तुम्ही त्याबाबत काहीही करू शकत नाही. तशी सोय घटनेने मुद्दामच ठेवलेली नाही. कायम झालेले न्यायमूर्ती 62 व्या वर्षापर्यंत बसतात. त्यांना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं.

पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्ही. आर. कृष्ण अय्यर 1957 च्या केरळमधल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाचं प्रकरण 24 जून 1975 रोजी त्यांच्यासमोर आलं, तेव्हा त्यांनी सशर्त स्थगिती दिली: सभागृहात बसता येईल, पण मत देता येणार नाही. दोन्ही बाजूंना ते पुरतं पचलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एस. हेगडे पूर्वी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. केशवानंद भारती खटल्यात (संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही, असं ठरवणाऱ्या) ते सरकारच्या विरोधात बहुमतासोबत गेले आणि 1973 मध्ये काँग्रेस सरकारनेच सरन्यायाधीश नेमताना त्यांची ज्येष्ठता डावलली. उलट दाखलाही आहे. काँग्रेसचे खासदार राहिलेले बहारुल इस्लाम सर्वोच्च न्यायालयातून 1983 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले आणि पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. अमेरिकेत सिनेट (संसदेचं वरिष्ठ सभागृह) न्यायमूर्तिपदाच्या उमेदवाराला समोर बसवून दिवसच्या दिवस प्रश्न विचारते. तरी 1990 मध्ये पुराणमतवादी रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेले डेव्हिड सूटर पुढे तिथल्या उदारमतवादी गटात बसले.

अंदाज बांधायचाच असेल, तर वकिलाने कोणाची बाजू घेतली हे बघू नका. न्यायिक सेवेतून आलेलं नाव असेल तर त्यांचे निकाल वाचा: जामीन देताना कारणं लिहितात की साचा चिकटवतात, सरकारला तारखांवर तारखा देतात का. वकिलातून आलेलं नाव असेल तर पहिली दोन वर्षं थांबा. सुरुवातीची नेमणूक सहसा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून होते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. कायम करण्याआधी निकाल तपासले जातात. नागपूर खंडपीठातल्या पुष्पा गनेडीवाला यांना पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) दोन वादग्रस्त निकालांनंतर 2021 मध्ये कायम न करता एक वर्षाची मुदत मिळाली. 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मात्र ही तपासणी निकालांची असते, कोणत्या पक्षाची अपेक्षा पुरी झाली याची नव्हे.

प्रश्न (वसई) : अशा न्यायमूर्तींसमोर आमचीच निवडणूक याचिका बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) लागली तर?

उत्तर : आधी हे बघा की लागेल का. कोणतं काम कोणाकडे, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. नवे न्यायमूर्ती अनेकदा दोन न्यायमूर्तींच्या पीठावर दुसऱ्या खुर्चीत असतात किंवा नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), गोव्याला बसतात. पण निवडणूक याचिकेत काळजी रास्त आहे, कारण ती एकलपीठापुढे, म्हणजे एकाच न्यायमूर्तीपुढे, चालते आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जातं. न्यायमूर्तींवर शंका आहे म्हणून याचिका दाखल करायला उशीर करू नका. निकालापासून 45 दिवसांची मुदत चुकली, तर ती माफ होत नाही.

बोर्डावर नाव दिसताच, पहिल्याच तारखेला वकिलांनी उभं राहून न्यायमूर्तींनी पूर्वी याच उमेदवाराची वकिली केली होती, एवढंच सांगायचं. पुरावा हातात असावा. जुन्या आदेशावरची वकिलांच्या हजेरीची ओळ पुरते. बहुतेक न्यायमूर्ती स्वतःच ‘नॉट बिफोर मी’ म्हणतात आणि प्रकरण दुसरीकडे जातं. त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला तर निर्णय त्यांचाच. नुसतं जुनं पक्षसदस्यत्व इथे सहसा चालत नाही. त्याच वादाशी किंवा पक्षकाराशी संबंध दाखवावा लागतो. सर्वात वाईट म्हणजे दोन तारखा गप्प बसून, अंतरिम आदेश विरुद्ध गेल्यावर हरकत घेणं. मग तीच हरकत तुमच्यावर उलटते.

प्रश्न (परळ) : ‘अमुक पक्षाचा जज’ असा मजकूर ग्रुपवर पुढे पाठवला तर न्यायालयाचा अवमान होतो का?

उत्तर : निकालावर रास्त टीका केलेली चालते, 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यातलं कलम 5 तेच सांगतं. अमुक पक्षाकडून आले म्हणून निकाल विकला, असा हेतूचा आरोप केलात तर अवमान होऊ शकतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजकूर मूळ तुमचा नव्हता, नुसता पुढे पाठवला, हा बचाव फारसा टिकत नाही.