हाताचं टूल बनवतोयस? मग हे आधी वाच
हे बघ भावा, तुला रंगकामाचं टूल बनवायचंय आणि मणक्याच्या ऑपरेशनचंही, दोन्हीत पकड महत्त्वाची, मनगट वाकलं की हात लवकर दुखतो, मग तो पेंटर असो की सर्जन. म्हणून ड्रॉइंग नंतर, आधी लाकडाचा किंवा थ्रीडी प्रिंटचा दांडा कर आणि नाशिकच्या सिडकोत एखाद्या साईटवर पेंटरच्या हातात दे, तो छताची कटिंग, म्हणजे कडेची रेष ब्रशने नीट ओढताना बोटं कुठे सरकवतो ते नीट बघ, टूलमध्ये स्प्रिंग असेल तर रंग वाळल्यावर ती अडकते का तेही बघ.

मणक्याच्या टूलला मात्र घाई नकोच. केरिसन बघितलास का, हाड कुरतडायचं ते, दांड्यावर दुसरा दांडा सरकतो आणि त्या फटीत रक्त, हाडाचा चुरा बसतो. फट उघडून धुता आली पाहिजे आणि 134 डिग्रीच्या ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) पुन्हा पुन्हा काढूनही धार टिकली पाहिजे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनिंग चांगलं होतं, पण पेशंटवर वापरायचं म्हटलं की मेडिकल डिव्हाइस रूल्स 2017 लागू होतात, ते आधी वाच.

आणि प्लीज, टूलचा व्हिडिओ टाकायच्या आधी प्रोव्हिजनल पेटंट, म्हणजे पेटंटचा प्राथमिक अर्ज, फाइल कर, एकदा जगजाहीर झालं की नावीन्य गेलं म्हणतात. त्यानंतर कम्प्लीट स्पेसिफिकेशनला (टूलचं पूर्ण वर्णन) 12 महिने मिळतात. ऑपरेशनच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही, अवजाराला मिळतं. माझं ऐकशील तर रंगकामाचं टूल आधी पूर्ण कर.