पाश्चात्त्य संगीताच्या रोमँटिक काळातली (साधारण एकोणिसावं शतक) सर्वांत खिन्न, हताश सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, कोणती?

रशियन संगीतकार चायकोव्हस्कींची सहावी सिंफनी, बी मायनर या स्वरपट्टीतली ‘पथेटिक’ (१८९३); वेळ कमी असेल तर तिचा फक्त चौथा, शेवटचा भाग ऐका. त्या काळी सिंफनीचा शेवट सहसा जोरकस असायचा. इथे तो जोश तिसऱ्या भागातच संपतो (तिथे श्रोते हमखास टाळ्या वाजवतात) आणि मग सुरू होतो ‘अदाजिओ लामेंतोसो’, म्हणजे संथ विलाप. स्वरलिपी उघडून पाहा: सुरुवातीची खाली उतरणारी धून कुणालाच पूर्ण दिलेली नाही. वाद्यवृंदात व्हायोलिनांचे दोन गट असतात, पहिला आणि दुसरा; इथे एक स्वर दुसऱ्या गटाचा, पुढचा पहिल्या गटाचा. धून जुळते ती आपल्या कानात. मला तर हीच जागा सगळ्यांत जिव्हारी लागते. अखेरीस टॅमटॅमचा (मोठ्या घंटेसारख्या थाळीचा) एकच हलका ठोका पडतो, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्यं प्रार्थनेसारखं काही वाजवतात आणि चेलो-डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं विरत विरत थांबतात.

मात्र हिला मृत्यूपूर्वीची चिठ्ठी समजू नका. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांनी स्वतः ती सादर केली आणि नऊच दिवसांनी ते गेले, म्हणून ती समजूत पसरली. पण लेखन ऑगस्टमध्येच पूर्ण झालं होतं, आणि ही आपली सर्वांत उत्तम, सर्वांत प्रामाणिक रचना आहे असं त्यांनी पत्रात आनंदाने कळवलं होतं.

हेडफोन लावूनच ऐका. शेवटचे स्वर मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाहीत.